रस्ता सरळ असला तरी

अपघात म्हटले की डोळ्यांपुढे येते ते घाटातले वळण, दाट धुके, मुसळधार पाऊस, नाहीतर रस्त्यातला भलामोठा खड्डा. सरकारी आकडे मात्र वेगळेच सांगतात. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांतले सुमारे ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यावरचे होते. खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत १,८५६ जण गेले, तर अतिवेगाच्या खात्यावर जवळपास १ लाख २० हजार मृत्यूंची नोंद आहे. पोलिसी पंचनाम्यात ‘भरधाव वेगाने व हयगयीने’ हे शब्द ठरलेलेच असतात, त्यामुळे या शेवटच्या आकड्याकडे थोडा हात राखून बघितलेले बरे. तरीही खड्ड्यांवरचा आपला राग आणि मोकळ्या रस्त्यावरचा आपला निर्धास्तपणा, दोन्हींचा हिशेब पुन्हा मांडावा इतका हा फरक मोठा आहे.

त्याच वर्षी महाराष्ट्रात १५ हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली. रोजची सरासरी काढली तर चाळीसच्या वर जाते.

‘गाडी सावकाश चालवा’ हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. गाडी आदळू नये म्हणून घ्यायची काळजी एक, आणि आदळलीच तर माणूस वाचावा म्हणून करायची तयारी दुसरी. पहिलीबद्दल सगळे बोलतात. दुसरी घरातून निघण्यापूर्वीच करून ठेवावी लागते, म्हणून ती राहून जाते. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये रस्ता सुरक्षेचे जे धोरण स्वीकारले त्याचा पाया हाच होता: माणूस चुकणार हे गृहीत धरायचे आणि त्या चुकीची किंमत जीवाने मोजावी लागू नये अशी रस्त्यांची, वाहनांची आणि वेगाची व्यवस्था लावायची. सरकारने काय करावे हा भाग पुढे येईलच. घरातल्या माणसांच्या हातात जे आहे तेही कमी नाही.

सुरुवात वेगापासूनच करायला हवी, कारण त्याचे गणित बहुतेकांच्या अंदाजाबाहेरचे आहे. वेग दुप्पट झाला की गाडी थांबायला अंतर दुप्पट लागेल, असे वाटते. प्रत्यक्षात ब्रेक दाबल्यानंतर गाडी जितकी पुढे जाते ते अंतर चौपट होते. त्याआधी डोळ्यांनी संकट बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीडेक सेकंद जातो, तो वेगळाच. कोरडा रस्ता आणि चांगले टायर धरले, तर ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार साधारण ३५ मीटरमध्ये थांबते. ताशी १०० ला तेच अंतर ९५ मीटरच्या पुढे जाते. पाऊस असेल किंवा टायर गुळगुळीत झाले असतील, तर त्याहून जास्त.

वेगाने वाचतो किती वेळ? पुणे ते कोल्हापूर हे साधारण २३० किलोमीटरचे अंतर सरासरी ८० ऐवजी ९० च्या वेगाने कापले, तर वीस मिनिटे वाचतात. तेवढी तर वाटेतल्या मिसळीला लागतात.

पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवावे, याचे मीटरमधले उत्तर चालत्या गाडीत कुणालाच उपयोगी पडत नाही. सोपी रीत अशी की पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात सावकाश ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हणावे. म्हणून होण्याआधीच आपण त्या खांबाशी पोहोचलो, तर अंतर कमी आहे. पावसात ‘एकशे पाच’पर्यंत जावे. यावर नेहमीची तक्रार म्हणजे, एवढी जागा ठेवली की कुणीतरी कट मारून मध्ये घुसतो. घुसतो, हे खरे. तेव्हा पुन्हा थोडे मागे राहावे. अशा दहा जणांना जागा दिली तरी मुक्कामाला पोहोचायला अर्धा मिनिटही जास्त लागत नाही.

रात्री हे गणित आणखी अवघड होते. खालच्या झोताच्या दिव्यात समोरचे चाळीस-पन्नास मीटरच नीट दिसतात आणि ताशी ६० च्या वेगाला थांबायला पंचेचाळीस मीटर लागतात. म्हणजे अंधाऱ्या रस्त्यावर साठच्या पुढे जाणारा माणूस, जे अजून दिसलेलेच नाही त्याच्या भरवशावर गाडी हाकत असतो. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात गळीत हंगाम सुरू झाला की याची किंमत कळते. ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि उसाच्या वाढ्यांनी झाकलेली ट्रॉलीची मागची बाजू. पंक्चर झाले की ट्रॉली रस्त्यातच सोडून ट्रॅक्टर निघून जातो, मागे दगड लावलेले असतात. काम झाल्यावर तेही तिथेच पडून राहतात. दुचाकीवाल्याला हे सगळे दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

इथे उपाय स्वस्त आहे. लाल रिफ्लेक्टिव्ह टेप ट्रॉलीच्या मागे, उसाच्या भाराखाली झाकली जाणार नाही अशा उंचीवर आणि दोन्ही कडांना लावावी, म्हणजे मागून येणाऱ्याला ट्रॉलीची रुंदी कळते. धूळ बसली की ती चमकत नाही, म्हणून रोज फडक्याने पुसावी. साखर कारखाने हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर बसवण्याच्या मोहिमा घेतात, त्या वेळी ट्रॉली पुढे आणावी. गाडी चालवणाऱ्याने समोरून येणाऱ्याचा प्रखर दिवा डोळ्यांवर आला की त्याच्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे बघावे आणि वेग उतरवावा. त्या दोन सेकंदांच्या आंधळेपणातच डाव्या बाजूची उभी ट्रॉली किंवा चालणारा माणूस सापडतो.

चालणाऱ्यांचा विषय निघालाच आहे. २०२२ मधील रस्ते अपघातांत गेलेल्यांपैकी जवळपास दर पाचवा माणूस पायी चालणारा होता. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला सांगोला तालुक्यातील जुनोनीजवळ कार्तिकीसाठी पंढरपूरला निघालेल्या दिंडीत संध्याकाळी मोटार घुसली आणि सात वारकरी गेले. दिंड्या पहाटे लवकर निघतात आणि संध्याकाळी मुक्काम गाठण्याच्या घाईत असतात. नेमक्या त्याच वेळा वाहनचालकाच्या नजरेला सर्वांत फसव्या. पांढरे धोतर-सदरा अंधारात दिसेल असे वाटते, पण वेगात येणाऱ्या गाडीला तो फार जवळ आल्यावर दिसतो. चमकणारे जाकीट कितीतरी आधी दिसते. दिंडीच्या पुढे एक आणि मागे किमान दोन माणसे जाकीट घालून आणि लुकलुकणारा लाल दिवा घेऊन असावीत. मागचा माणूस दिंडीला चिकटून न राहता चांगला शंभरेक पावले मागे असावा. एकट्यादुकट्याने पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. सकाळी महामार्गाच्या कडेने फिरायला जाणाऱ्यांनीही हेच करावे, आणि दोन्ही कानांत इअरफोन तर मुळीच घालू नयेत.

घाटाचा प्रश्न वेगळा. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत महामार्गाला लांबलचक उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने या उतारावर कित्येक गाड्या चिरडत नेल्या. तिथे त्याआधी आणि नंतरही असेच अपघात झाले. अशा उतारावरच्या अपघातांच्या तपासात एक सवय पुन्हापुन्हा समोर येते: डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, कधी तर इंजिनच बंद करून उतार उतरायचा. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अडसर सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबलेले ब्रेक तापतात, तापल्यावर त्यांची पकड जाते. ट्रक-बसच्या एअर ब्रेकला लागणारी हवा इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर भरतो. इंजिन बंद असेल आणि चालकाने चारदोन वेळा ब्रेक मारले, तर टाकीतली हवाही संपत येते. मोटारीतही इंजिन बंद केले की ब्रेकचा पेडल दगडासारखा घट्ट होतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होते. बरे, डिझेल वाचते हेही नव्या गाड्यांच्या बाबतीत खरे नाही. गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की त्यांचा इंधनपुरवठा आपोआप तुटतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडे इंधन जळतच राहते.

जुने एसटी चालक सांगतात तो नियम आजही चोख आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये उतरावा. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते, ती घाटाच्या माथ्यावरच वापरायला सुरुवात करावी. ब्रेक सारखा दाबून न ठेवता थोडा जोरात दाबून वेग उतरवावा, मग सोडावा. जळक्या लायनिंगचा वास आला किंवा पेडल खोल जाऊ लागला, तर लगेच सुरक्षित जागा बघून थांबावे आणि अर्धा तास गाडी थंड होऊ द्यावी. चाकावर पाणी ओतू नये. आणि पुढे अवजड वाहन उतार उतरत असेल तर त्याच्या समोर घुसण्याचा मोह तर अजिबात नको, कारण त्याचे ब्रेक शाबूत आहेत की नाहीत हे त्याच्या चालकालाही कधी कधी ठाऊक नसते.

आता हेल्मेट. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी हेल्मेटची कडक अंमलबजावणी सुरू केली तेव्हा हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती उभी राहिली, मोर्चे निघाले. मान दुखते, केस गळतात, ऐकू येत नाही, शहरात वेग तो काय असतो, असे सगळे युक्तिवाद झाले. वेगाच्या युक्तिवादाला उत्तर द्यायलाच हवे. ताशी ५० च्या वेगाने डोके स्थिर वस्तूवर आदळणे म्हणजे तिसऱ्या मजल्याइतक्या उंचीवरून पडणे. शहरातली स्कूटर हा वेग सहज गाठते. अनेक देशांतल्या अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष पाहिले, तर हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला मार लागण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५० हजारांहून अधिक जण देशात मेले. त्यांतले १४ हजारांवर मागच्या सीटवर बसलेले होते. नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागे बसलेली बायको बोडक्या डोक्याने, मध्ये लहान मूल तसेच, हे दृश्य कुठल्याही चौकात दिसते. दंड चालवणाऱ्याला होतो, म्हणून हेल्मेटही त्यालाच.

हेल्मेटचा वैद्यकीय इतिहासही मोटरसायकलनेच सुरू केला. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागून मेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात निरोप पोहोचवणाऱ्या लष्करी मोटरसायकलस्वारांच्या जखमांचा अभ्यास करून त्यांनी १९४१ मध्ये हेल्मेटचा फायदा दाखवून दिला. ब्रिटनमध्ये सक्ती व्हायला मात्र १९७३ उजाडले. तेव्हा या बाबतीत हट्टीपणा पुणेकरांचीच मक्तेदारी आहे, असे नाही.

हेल्मेट विकत घेताना आयएसआय चिन्ह बघावे. १ जून २०२१ पासून या प्रमाणपत्राशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनवणे वा विकणे बेकायदा आहे, तरी रस्त्याकडेला दोनशे-तीनशे रुपयांत टोप्या मिळतातच. खरे काम बाहेरचे कवच करत नाही. आतला थर्माकोलसारखा जाड थर दबतो आणि धक्का शोषून घेतो. म्हणूनच एकदा जोराचा मार खाल्लेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी टाकून द्यावे, आतला थर पुन्हा फुगत नाही. दुकानात ते घालून मान जोराने हलवावी. डोके फिरले आणि हेल्मेट जागेवरच राहिले, तर माप मोठे आहे. गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. पट्टा हनुवटीखाली बांधायचा, दोन बोटे जातील इतकाच सैल. पट्टा न बांधलेले हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी उडून जाते. कोपराला अडकवलेले किंवा आरशाला टांगलेले हेल्मेट पोलिसासाठी असते, त्यावर अधिक काय बोलावे? ‘इथल्या इथे’ दूध आणायला जातानाही ते घालावे, कारण ओळखीच्या रस्त्यावर माणूस सर्वांत बेसावध असतो.

चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेला नियम फार थोड्यांना माहीत आहे: मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा हवा, त्याच्या मापाचे हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० च्या पुढे नको. पेट्रोलच्या टाकीवर पुढे बसवलेले मूल धक्क्यात हँडल आणि बापाची छाती यांच्यामध्ये दाबले जाते. मागे बसणाऱ्या बाईची ओढणी किंवा पदर चाकात जाऊन गळ्याला फास बसल्याच्या घटना दरवर्षी घडतात. निघताना पदर खोचला आहे ना, ओढणी मागे गाठ मारून बांधली आहे ना, हे बघायला पाच सेकंद लागतात. साडी गार्ड काढून टाकायचे तर मुळीच नाही.

मोटारीत हेल्मेटची जागा पट्टा घेतो, आणि मागच्या सीटवर तो कुणी लावत नाही. ३ जून २०१४ रोजी सकाळी दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीने धडक दिली. मुंडे मागे बसले होते, पट्टा लावलेला नव्हता. बाहेरून फारशी जखम नव्हती, पण पोटात यकृताला मार बसून रक्तस्राव झाला. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटार कठड्याला धडकली, त्यात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले दोघे गेले. त्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांच्या तपासात आढळले.

मागच्या सीटवरचा माणूस सुरक्षित असतो ही समजूत पट्टा लावलेल्यापुरतीच खरी आहे. मोटार थांबते, तो थांबत नाही. मोटारीच्याच वेगाने तो पुढच्या सीटवर आदळतो आणि पट्टा लावलेल्या पुढच्या माणसालाही चिरडतो. मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचाच आहे, पट्टा न लावल्यास १,००० रुपये दंड होतो. पट्ट्याची खालची पट्टी पोटावरून नव्हे, कमरेच्या हाडांवरून जायला हवी. गरोदर बाईने ती पोटाच्या खालून घ्यावी आणि वरची पट्टी दोन्ही स्तनांमधून. पट्टा लावलाच नाही तर गर्भाला अधिक धोका असतो. सीट मागे पाडून झोपलेल्या माणसाच्या अंगाखालून पट्टा निसटतो, म्हणून प्रवासात पाठ शक्य तेवढी सरळ ठेवावी. तान्हे मूल आईच्या मांडीवर सुरक्षित वाटते, पण ताशी ५० वेगाच्या धडकेत ते धरून ठेवण्याइतकी ताकद कोणाच्याच हातांत नसते. मागच्या सीटवर मुलाची खास सीट बसवावी. पुढे एअरबॅग असेल तर तिथे मूल कधीच बसवू नये. एअरबॅग डोळ्याची पापणी लवण्याआधी उघडते आणि त्या झटक्याने लहान मुलाची मान मोडू शकते.

समृद्धी महामार्गाने नागपूर-मुंबई प्रवास सोपा केला आणि झोपेचा प्रश्न ऐरणीवर आणला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता बराचसा सरळ, सिमेंटचा, वाहतूक विरळ, मोटारींना ताशी १२०ची मुभा. डोळे उघडे असूनही मेंदू झोपतो. ताशी १०० च्या वेगाला चार सेकंदांची डुलकी म्हणजे ११० मीटर. काच उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, सुपारी चघळणे यांनी झोप जात नाही, फक्त गेल्यासारखी वाटते. गेले पाच किलोमीटर कसे गेले हे आठवत नसेल, तर तो इशारा समजावा. विश्रांतीच्या जागी गाडी घ्यावी, चहा-कॉफी घेऊन लगेच पंधरा-वीस मिनिटे झोपावे. उठेपर्यंत कॉफीचा अंमल सुरू होतो. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतरचे दोन तास शरीर आपणहून झोप मागते, शक्यतो त्या वेळा टाळाव्यात. प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर थंड असताना त्यांतली हवा तपासावी. हवा कमी असलेला टायर वेगात वाकतो, तापतो आणि फुटतो. नायट्रोजनचा आग्रह धरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. खरे काम दर पंधरवड्याला हवा तपासण्याने होते.

खासगी बसने रात्रीचा प्रवास करणाऱ्यांसाठीही काही आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर बस उलटली, पेटली आणि २५ जण गेले. जे बाहेर पडू शकले ते खिडकीची काच फोडून. बसमध्ये चढल्यावर मोबाइल काढण्याआधी संकटकालीन दरवाजा कुठे आहे, तो उघडतो का, त्यापुढे सामान रचले आहे का, काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, हे बघून घ्यावे. नसेल तर चालकाला विचारावे. स्लीपरमध्ये पायाकडची खिडकी कोणती उघडते हे अंधार होण्याआधी हाताने चाचपून ठेवावे आणि चपला हाताशी ठेवाव्यात.

दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दल लिहिण्यासारखे नवीन काही नाही. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि ती ओलांडायला फार लागत नाही. लग्नाच्या वरातीला जाताना परतीच्या चालकाचे नाव आधी ठरवावे, एवढेच.

दहावी-बारावीच्या निकालानंतर गाडी बक्षीस देणाऱ्या आईबापांशी मात्र थोडे सविस्तर बोलायला हवे. अठरा वर्षांखालील मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. २०१९ च्या सुधारणेने हे कायद्यात आले. ‘आमचा पोरगा छान चालवतो’ हे खरेही असेल. हँडल सांभाळणे तो आठवड्यात शिकतो. पुढचा रिक्षावाला आता अचानक वळणार, थांबलेल्या एसटीच्या पुढून कुणीतरी पळत येणार, हे ओळखायला वर्षे लागतात.

सरकारच्या वाट्याचे काय? २३ डिसेंबर २०१२ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले ते समोरच्या बाजूने दुभाजक ओलांडून आलेल्या वाहनामुळे. त्यांच्या चालकाने कितीही काळजी घेतली असती तरी दुभाजक त्याच्या हातात नव्हता. याच मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले. त्या वर्षापासून राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ यांनी उघडे खांब झाकणे, कठड्यांची टोके सुरक्षित करणे, कडेला उभ्या गाड्या हटवणे अशी कामे हाती घेतली आणि पुढील काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. रस्ता दुरुस्त केला की माणसे वाचतात, याचा याहून जवळचा पुरावा मराठी माणसाला नको. गावाजवळ पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत जीवघेणे किंवा गंभीर इजेचे पाच अपघात झाले असतील, किंवा दहा मृत्यू झाले असतील, तर ते ठिकाण ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. पोलीस ठाण्यातील नोंदींच्या तारखा जोडून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे लेखी अर्ज द्यावा. नुसते गतिरोधकाचे मागणे करण्यापेक्षा दिवे, पट्टे, कठडा, पादचारी मार्ग यांतले काय हवे ते नेमके लिहावे. बिनरंगाचा, अचानक उभा राहिलेला गतिरोधक स्वतःच अपघात घडवतो.

आणि अपघात झालाच तर? प्रथम आणखी एक अपघात टाळावा. आपली गाडी रस्त्याबाहेर लावावी, इंडिकेटर चालू ठेवावेत, एकाला मागे लांबवर उभे करून येणाऱ्या गाड्यांना सावध करावे. बंद पडलेल्या गाडीतली माणसेही गाडीत न बसता कठड्याच्या पलीकडे उभी राहावीत. मग १०८ ला फोन करावा. ११२ सुद्धा चालतो, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. ठिकाण सांगताना किलोमीटरचा दगड, पुलाचे नाव, कोणत्या शहराकडे जाणारी बाजू हे सांगावे. ‘हायवेला या’ म्हटल्याने रुग्णवाहिका उलट्या बाजूला जाते आणि वीस मिनिटे फुकट जातात.

गर्दी जमते आणि चुकीच्या गोष्टी सुरू होतात. जखमीला उठवून बसवले जाते, तोंडात पाणी ओतले जाते. पाणी देऊ नये. बेशुद्ध माणसाच्या ते फुफ्फुसात जाते, आणि शस्त्रक्रिया करायची झाली तर तेही अडचणीचे. आग किंवा वाहतुकीचा धोका नसेल तर हलवूच नये. हलवावेच लागले तर डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून तिघाचौघांनी एकदम उचलावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल, ओढणी काहीही घेऊन जखमेवर घट्ट दाबून धरावे, सारखे उचलून बघू नये. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. शरीरात घुसलेली वस्तू उपसू नये. हेल्मेट काढू नये, काच वर करावी आणि श्वास चालू आहे का ते बघावे. श्वास अडत असेल तरच एकाने मान धरून आणि दुसऱ्याने सावकाश ओढून ते काढावे.

मदत करणाऱ्याला पोलिसांच्या चकरा माराव्या लागतील ही भीती अजूनही अनेकांचे हात बांधते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि नंतर मोटार वाहन कायद्यातील कलम १३४-अ ने मदतनीसाला संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याची सक्ती नाही, साक्षीदार होण्याची सक्ती नाही, रुग्णालय त्याच्याकडून पैसे मागू शकत नाही. ‘राहवीर’ योजनेत जखमीला पहिल्या तासाच्या आत रुग्णालयात पोहोचवणाऱ्यास २५ हजार रुपयांचे बक्षीसही आहे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, नेमलेल्या रुग्णालयात रोख पैसे न भरता उपचार मिळू शकतात. रुग्णालयात ‘आधी पैसे भरा’ असे सुनावले गेले, तर या योजनेचे नाव घेऊन विचारावे.

डोक्याला मार लागून थोडा वेळ बेशुद्ध झालेला माणूस उठून चालू लागला, नीट बोलू लागला की घरचे निश्चिंत होतात. कवटीच्या आत रक्तस्राव होत असेल तर हीच वेळ फसवी असते. पुढचा किमान एक दिवस कुणीतरी त्याच्याजवळ राहावे. पुन्हापुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, एकच प्रश्न परत परत विचारणे, एका हातापायातली ताकद कमी होणे, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, नाका-कानांतून पाण्यासारखा स्राव, किंवा झोपेतून हाक मारूनही नीट जाग न येणे, यांतले एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट न बघता, सीटीस्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. जाताना अपघात किती वाजता झाला, तो किती वेळ बेशुद्ध होता आणि रक्त पातळ करणारी गोळी रोज घेतो का, हे कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्यावे.